शिवेवरचा माग : नगर जिल्ह्यांतील पोलिस-दप्तर व न्यायासन

चोरी एका गांवीं होते, चोर दुसऱ्या गांवीं सांपडतो आणि त्याचा निवाडा तिसऱ्या गांवीं होतो. राज्य कोणाचेंहि असो, हा क्रम बदलत नाहीं. म्हणून एका ठिकाणची खबर दुसऱ्या ठिकाणीं वेळेवर आणि बिनचूक पोंचविणें हें न्यायदानाचें निम्मे काम होय. न्यायाधीश कितीहि विद्वान असला आणि फौजदार कितीहि दक्ष असला, तरी त्या दोघांच्या दप्तरांमधील वाट बुजलेली असेल, तर एकाच्या दक्षतेचा दुसऱ्याच्या विद्वत्तेला उपयोग होत नाहीं.

ही वाट कशी घडली, कोठें अडली आणि कोठें भलतीकडेच गेली हें पाहण्यास नगर जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण क्वचितच मिळेल. सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा महाराष्ट्रांत विस्तारानें सर्वांत मोठा आहे. २०११ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या पंचेचाळीस लक्षांवर गेली होती. पश्चिमेस अकोल्याचे सह्याद्रीचे कडे, पूर्वेस जामखेड-पाथर्डीकडील बालाघाटाच्या रांगा, आणि चोहों बाजूंस दुसऱ्या जिल्ह्यांच्या सीमा. पूर्वेकडील बीड व औरंगाबाद हे प्रांत तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होते. एक ओढा ओलांडला कीं राज्य बदले, आणि राज्य बदललें कीं कायदा व कचेरी हीं दोन्ही बदलत. अहिल्याबाई होळकरांचें जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्यांत असल्यामुळें २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. तथापि येथें सांगावयाचा इतिहास जुन्या नांवाच्या काळांत घडलेला आहे.

पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यांत दख्खनच्या गांवगाड्यांतील बंदोबस्ताचें वर्णन आहे. गांवाची जबाबदारी पाटलावर असे व त्याच्या हाताखालीं जागल्या, रामोशी किंवा भिल्ल हा राखणदार असे. चोरी झाली म्हणजे राखणदारानें चोराचा माग काढावयाचा. तो माग गांवाच्या शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गांवच्या राखणदाराची खात्री पटविली, म्हणजे याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. अशा रीतीनें माग गांवोगांव पुढें जाई, व ज्या गांवांत तो शेवटीं थांबे, त्या गांवावर गेल्या मालाची भरपाई येई.

या जुन्या रीतींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, माग हातीं देणें म्हणजे केवळ बातमी सांगणें नव्हे. बातमीबरोबर जबाबदारीहि शीव ओलांडीत असे. दुसरी त्याहून महत्त्वाची. पलीकडचा राखणदार डोळे झांकून माग पत्करीत नसे. तो जमिनीवर वांकून पाऊल पाहत असे, आणि खात्री पटली तरच पुढें चालूं लागे. देणाऱ्यानें दाखवावें आणि घेणाऱ्यानें पारखावें, असा हा व्यवहार होता. त्यांत दोष पुष्कळ होते. निर्दोष गांवास भुर्दंड बसे, राखणदारच चोरांस सामील असे, आणि बलवानापुढें सर्वच नियम वांकत. परंतु दुसऱ्याच्या सांगण्यावर पारख न करितां विसंबूं नये, हें तत्त्व त्यांत होतें.

१८१८ सालीं नगर इंग्रजांकडे आलें व कॅप्टन हेन्री पॉटिंजर याच्याकडे त्याचा कारभार सोंपविण्यांत आला. आरंभीच्या व्यवस्थेंत जिल्ह्याचा कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट आणि तोच पोलिसांचा धनी. १८२७ च्या कायदेसंग्रहानेंहि हीच घडी कायम ठेविली. तालुक्यांत मामलेदार वसूलहि करी आणि गुन्ह्यांची चौकशीहि करी. खबर एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत न्यावयाचा प्रश्नच बहुतेक नव्हता, कारण दोन्ही कचेऱ्या एकाच माणसाच्या पगडीखालीं होत्या. सोय मोठी होती. धोकाहि तितकाच मोठा होता. ज्यानें पकडावयाचें, त्यानेंच दोषी ठरवावयाचें, तर पकडण्यांत झालेली चूक दुरुस्त कोणी करावयाची?

या धोक्याचें निवारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू होत गेलें. १८६१ सालीं फौजदारी कामाची संहिता झाली. १८६७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं जिल्हा पोलिसांचा व गांव-पोलिसांचा असे दोन कायदे झाले. गांव-पोलिसांच्या कायद्यानें पोलिस-पाटलावर गुन्ह्याची खबर वरच्या अधिकाऱ्यांस कळविण्याचें कर्तव्य घातलें. १८७२ सालीं पुराव्याचा कायदा आला, आणि त्यानें पोलिस व न्यायासन यांच्यामध्यें एक भिंत उभी केली: पोलिस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं. या भिंतीला जाणूनबुजून कांहीं दारें ठेविलीं होतीं. पहिली खबर लिहून घेतली कीं तिची वर्दी विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. तपासाची रोजची डायरी न्यायाधीशास मागवून पाहतां येईल. पण त्याला तिचा उपयोग कामाच्या मदतीपुरता करावयाचा, पुरावा म्हणून नव्हे.

या योजनेंतील शहाणपण वरवर पाहणाऱ्यास दिसत नाहीं. फिर्यादीची प्रत तातडीनें न्यायालयाकडे कां धाडावयाची? ती मागाहून कोणी बदलूं नये, तींत नवें नांव घुसडूं नये किंवा एकादें नांव गाळूं नये म्हणून. ही प्रत उशिरा पोंचली म्हणजे आरोपीचा वकील नेमकें तेथेंच बोट ठेवतो आणि न्यायाधीशहि विलंबाचें कारण विचारतो. म्हणजे पोलिस-दप्तर आणि न्यायासन यांमधील दळणवळण ही निव्वळ कारकुनी सोय नसून सत्याची राखण आहे, हें कायद्यानें दीडशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें.

परंतु कागद वेळेवर पोंचला म्हणजे न्याय झालाच, असें मात्र नाहीं. हा दुसरा धडा नगर जिल्ह्यानें १८७५ सालीं फार मोठी किंमत देऊन शिकविला. त्या वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी सावकारांवर उठले, आणि पाहतां पाहतां ही आग नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरली. इतिहासांत हें प्रकरण दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहे. लोकांनीं सावकारांचे प्राण घेण्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. त्यांना हवे होते कागद. खतें, हुकूमनामे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यांत आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ इसम पकडले गेले व त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

कागदावर एवढा राग कां? कारण तो कागद न्यायालयांत बोले आणि कुणबी मुका राही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा; परिणाम उलटा. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेतलें जाई, आणि निरक्षर शेतकरी त्यावर निशाणी करी. पुढें दावा लागे. समन्स बजावल्याचा शेरा कागदावर पडे. पुष्कळदां ज्याच्यावर तें बजावलें त्याला त्याची वार्ताहि नसे, अशी तक्रार होती. प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा होई. येथें प्रत्येक कचेरीनें आपलें काम नियमाप्रमाणें केलें होतें. एकाच्या कागदावर दुसऱ्यानें विश्वास ठेविला, दुसऱ्याच्या शेऱ्यावर तिसऱ्यानें. शिवेवर वांकून पाऊल पाहणारा मात्र कोणीच उरला नव्हता.

सरकारनें नेमलेल्या चौकशी-मंडळाच्या अहवालानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांतील तरतुदी या विषयाच्या दृष्टीनें फार बोलक्या आहेत. शेतकऱ्याचें खत गांव-नोंदणी-कामगारासमोर, त्यास समजावून सांगूनच लिहिलें जावें. दिलेल्या पैशाची पावती मिळावी. आणि मुख्य म्हणजे न्यायाधीशानें केवळ खतावर न थांबतां त्याच्यामागील व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा. ऋणकोची बाजू त्यानें त्याच्या तोंडून ऐकावी. कागदावर जें लिहिलें आहे तें कसें लिहिलें गेलें हें विचारणें न्यायाधीशाचें कर्तव्य आहे, असें कायद्यानें उघडपणें सांगितलें.

नोंदीचा तिसरा धडा याहून करुण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कांहीं जमातींना जन्मतःच संशयित ठरविलें. १९११ मध्यें नवा कायदा होऊन त्याचा अंमल मुंबई इलाख्यांतहि आला. जमातीचें नांव अधिसूचनेंत आलें कीं तिच्या माणसांचीं नांवें पोलिसांच्या रजिस्टरांत चढत. हजेरी द्यावी लागे. परवान्यावांचून गांव सोडतां येत नसे. त्याच सुमारास माणूस ओळखण्याचें नवें शास्त्रहि बंगालमध्यें आकारास आलें होतें. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तिच्या वर्गीकरण-पद्धतीला एडवर्ड हेन्री याचें नांव मिळालें असलें, तरी अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा तींत मोठा वांटा होता. ठसा खोटें बोलत नाहीं. तो फक्त हा माणूस कोण एवढें सांगतो. तो माणूस कसा आहे हें रजिस्टर सांगत असे, आणि तें त्याच्या जन्मापूर्वींच लिहून ठेविलेलें असे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला. परंतु कायदा रद्द झाल्यानें दप्तर रद्द होत नाहीं. पारधी समाजाच्या वस्त्या नगर जिल्ह्यांतहि आहेत, आणि चोरी कोठेंहि झाली तरी संशय प्रथम अशा वस्तीकडे वळतो, हें गाऱ्हाणें त्या समाजाच्या तोंडीं आजहि आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदाविषयीं दिलेल्या निकालांत बंदिवानांच्या रजिस्टरांतील जातीचा रकानाच काढून टाकण्याची आज्ञा केली, आणि विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानी रीतीनें पकडलें जाऊं नये याचीहि आठवण दिली. एक रकाना पुसावयास स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षें लागलीं.

आतां संगणकाचें युग आलें आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर वर्षभराच्या आंत, २००९ सालीं, केंद्र सरकारनें देशांतील सर्व पोलिस ठाणीं एका जाळ्यांत जोडण्याची सीसीटीएनएस ही योजना मंजूर केली. तिच्यासाठीं दोन हजार कोटि रुपये ठेविले. न्यायालयांची ई-कोर्ट योजना त्यापूर्वींच, २००७ च्या सुमारास सुरू झाली होती. तुरुंगांची व्यवस्था वेगळी, सरकारी वकिलांची वेगळी, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची वेगळी. परिणाम असा झाला कीं, एकच माणूस ठाण्यांत गुन्हा रजिस्टर नंबरानें ओळखला जाई, न्यायालयांत सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकानें, आणि तुरुंगांत कैदी क्रमांकानें. तीन संगणक त्याला ओळखत होते. पण एकमेकांस ओळखत नव्हते. मग कोर्टाच्या कामावर नेमलेला पैरवी हवालदार तारखांचीं टिपणें वहींत उतरून ठाण्यांत नेई आणि समन्स-वॉरंटांचा गठ्ठा घेऊन परत येई. कलेक्टर व मॅजिस्ट्रेट एक होते तेव्हां जी अडचण नव्हती, ती येथें पुन्हा उभी राहिली.

या पांच शाखांना जोडणारी इंटर-ऑपरेबल क्रिमिनल जस्टिस सिस्टिम ही योजना याच अडचणींतून निघाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यास फेब्रुवारी २०२२ मध्यें मंजुरी मिळाली व २०२६ पर्यंतच्या चार वर्षांकरितां ३,३७५ कोटि रुपयांचा खर्च ठरला. माहिती एकदांच भरावी व सर्वांनीं ती वापरावी, हें तिचें सूत्र आहे. फिर्याद व दोषारोपपत्र ठाण्यांतून न्यायालयाच्या संगणकांत उतरावें, आणि निकाल न्यायालयांतून ठाण्यांत परत यावा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें या व्यवस्थेस कायद्याचें पाठबळ दिलें. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते. ती विद्युत्-साधनानें दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. समन्सहि त्या साधनांनीं पाठवितां येतें. आणि तपासाची प्रगति नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस कळविणें पोलिसांवर बंधनकारक झालें आहे. श्रीगोंद्याच्या माणसाला, दौंडच्या हद्दींत लुटलें म्हणून, शिवेवरून परत फिरविण्याचें कारण उरलेलें नाहीं.

या दळणवळणाचा खरा लाभ कोणाला, हें विचारलें असतां बहुधा पोलिसांचें नांव घेतलें जातें. वस्तुतः सर्वांत मोठी गरज बंदिवानाची आहे. जामीन मंजूर झाला, पण हुकूम तुरुंगाच्या दारापर्यंत पोंचला नाहीं, तर तो माणूस कायद्यानें मोकळा आणि प्रत्यक्षांत कोंडलेला राहतो. २०२१ सालीं आग्र्याच्या तुरुंगांत तेरा बंदिवानांची अशी अवस्था झाल्याचें पाहून सर्वोच्च न्यायालयानें आपणहून लक्ष घातलें, आणि ३१ मार्च २०२२ रोजीं आपले हुकूम सुरक्षितपणें तत्काळ पोंचविणारी व्यवस्था सुरू केली. जानेवारी २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं तुरुंगाधिकाऱ्यामार्फत बंदिवानास मिळावी, जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणकांत नोंदली जावी, व सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास तें कळविलें जावें. येथें नोंद माणसाला बांधीत नाहीं. ती त्याच्या बेड्या काढते.

तरीहि यंत्राकडून काय होईल व काय होणार नाहीं, हें ओळखलें पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्यें नगरच्या सत्र न्यायालयांत दोन मोठ्या खटल्यांचे निकाल लागले. जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें २०१४ सालीं एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या खटल्यांत साक्षीदार उलटले आणि आरोपी निर्दोष सुटले. कर्जत तालुक्यांतील कोपर्डी येथें २०१६ सालीं एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. त्या खटल्यांत तिघांस दोषी ठरवून देहदंडाची शिक्षा सुनावण्यांत आली. न्यायालय एक, महिना एक, कायदा एक. खर्ड्याच्या खटल्यांत जी गोष्ट तुटली, ती ठाण्यापासून न्यायालयापर्यंतची तार नव्हती. साक्षीदाराच्या घरापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंतची वाट तुटली होती. ती जोडणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. तेथें साक्षीदाराला संरक्षण आणि समाजाला धैर्य लागतें.

शिवाय माहिती एकदांच भरावयाची या सूत्रांत १८७५ चें भय लपलेलें आहे. पूर्वीं चुकीची नोंद एका वहींत पडून राही. आतां ती पांच दप्तरांत एकदम पोंचेल. ठाण्यांतील थकलेल्या अंमलदारानें नांवाचें एक अक्षर चुकविलें, तर तीच चूक न्यायालयांत, तुरुंगांत आणि प्रयोगशाळेंत सारख्याच अधिकारवाणीनें बोलेल. आणि निर्दोष सुटलेल्याच्या नांवापुढें निकालाची नोंद परत आलीच नाहीं, तर अटकेची नोंद तेवढी चिरंजीव होईल. म्हणून जाणाऱ्या वाटेइतकीच येणारी वाट मोकळी हवी. ज्याच्याविषयीं नोंद आहे, त्याला ती पाहतां आली पाहिजे, चूक दाखवितां आली पाहिजे आणि ती सुधारून घेतां आली पाहिजे. पुराव्याच्या कायद्यानें १८७२ सालीं घातलेली भिंत नव्या कायद्यांतहि कायम आहे. पोलिसांपुढील कबुली आजहि पुरावा होत नाहीं. पोलिसांची नोंद क्षणांत पडद्यावर आली म्हणून ती सिद्ध झाली, असें न्यायाधीशास मानतां येत नाहीं.

नगर जिल्ह्याच्या दोनशें वर्षांच्या अनुभवाचें सार असें निघतें. खबर अडली कीं निरपराधी कोंडला जातो व अपराधी सुटतो. खबर न पारखतां पुढें सरकली कीं कुणब्याची जमीन जाते आणि पारध्याचा जन्मच गुन्हा ठरतो. म्हणून वेग आणि पारख हीं दोन्ही एकाच वेळीं हवींत. विजेच्या तारेनें वेग दिला आहे. पारख मात्र जुन्या राखणदाराप्रमाणें प्रत्येकानें आपापल्या शिवेवर वांकूनच करावी लागेल: ठाण्यांत अंमलदारानें, कोर्टांत न्यायाधीशानें आणि तुरुंगाच्या दारांत अधिकाऱ्यानें.